रविवारची दवंडी

आमच्या वायरापाता शहरात नुसती सही झाली म्हणून कायदा कायदा होत नाही. आधी चौकात ढोल वाजतो. मग मी चौकाच्या चारही कोपऱ्यांवर उभा राहून कागद मोठ्याने वाचतो, आणि वाचून झाला की तळाशी तारीख घालून माझी खूण करतो. ती खूण पडेपर्यंत कुठलाही शिपाई, कुठलाही तुरुंगवाला त्या कागदाला विचारत नाही. स्पेनच्या राजाच्या वेळी हीच रीत होती. राजाला हाकलून दिलं तेव्हा पुष्कळ गोष्टी बदलायचं ठरलं, पण दवंडी तेवढी राहिली, कारण बाकीचं काय काय बदललं ते लोकांना सांगायला कोणीतरी हवं होतं.

माझं नाव कासिमिरो चोके. माझा आवाज चौकातून निघतो तो वरच्या चर्चच्या पायऱ्यांपर्यंत जातो, आणि वारा पाठीशी असेल तर नदीपलीकडे कातडी कमावणाऱ्यांनाही ऐकू येतो. यात बढाई नाही. तिथले लोक तशी तक्रारच करतात.

डॉन एव्हारिस्तो सांदोवाल राष्ट्राध्यक्ष होण्याआधी मी त्यांचं नाव तीनदा चौकात घेतलं होतं. पहिल्यांदा, ते सतरा वर्षांचे असताना: खेचरं हाकणाऱ्याचा हा पोरगा बंडखोरांना बंदुकीची दारू पोचवतो, त्याला पकडून देणाऱ्याला राजाकडून बक्षीस. दुसऱ्यांदा, सहा वर्षांनी: कॅप्टन सांदोवाल, मातृभूमीचा सुपुत्र, डाव्या हाताची दोन बोटं देशासाठी गमावलेला, त्याच्या स्वागताला प्रत्येकाने दारात फुलं ठेवावीत. तिसऱ्यांदा: कर्नल सांदोवाल, देशद्रोही, त्याला कोणी घोटभर पाणी दिलं तरी गुन्हा. माणूस तोच होता, बोटंही तेवढीच होती. चौथ्यांदा त्यांचं नाव घेतलं ते राष्ट्राध्यक्ष म्हणून. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमच्याकडे चौथ्या दवंडीपर्यंत टिकलेला माणूस सहसा सापडत नाही.

त्यांच्या आधी तीन राष्ट्राध्यक्ष झाले. पहिला बायकोचा झगा घालून पळाला. दुसऱ्याला त्याच्याच अंगरक्षकांनी भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तिसरा तोफा विकत घ्यायला युरोपात गेला, तो अजून तोफाच बघतो आहे.

डॉन एव्हारिस्तोंनी चार वर्षं राज्य केलं, आणि ते काही सोन्याचे दिवस नव्हते. त्यांनी चौकात झाडं लावली, ती ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांनी खाल्ली. त्यांनी मुलींची शाळा काढली, तिच्यात पहिली दोन वर्षं न्हाव्याच्या तीन मुलीच होत्या. आम्हा मूळच्या लोकांवरची डोईपट्टी त्यांनी आल्याआल्या रद्द केली आणि पुढच्याच वर्षी तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा तोंड पाडून परत बसवली. हे मी मुद्दाम सांगतोय. नाही तर लोक म्हणतील, कासिमिरोने त्या माणसाचा देव केला.

आमच्याकडे रीत अशी, की गोड बातमी सांगणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. अंडी, पाव, चीजचा तुकडा, मूठभर कोकाची पानं, ज्याला जे जमेल ते. डोईपट्टी रद्द झाल्याची दवंडी दिली तेव्हा इतकी अंडी मिळाली की ढोलवाला नासारियो आणि मी आठवडाभर दुसरं काही खाल्लं नाही. ती परत बसवल्याची दवंडी दिली तेव्हाही अंडी मिळाली, पण फेकून. म्हणून आम्हा दवंडीवाल्यांचा एक जुना शिरस्ता आहे. वाईट बातमी मंगळवार-बुधवारी उरकायची, चौक ओस असताना. गोड बातमी रविवारपर्यंत राखून ठेवायची, मोठी प्रार्थना सुटते आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते तेव्हासाठी. मला हे माझ्या गुरूने शिकवलं, त्याला त्याच्या गुरूने. कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

डॉन एव्हारिस्तोंनी राज्यघटना लिहिली तिच्यात एक कलम जुन्या राजाच्या कायद्यातून उचललं होतं. मुदत संपली की राष्ट्राध्यक्षाने चाळीस दिवस राजधानी सोडायची नाही. पहारा नाही, शिपाई नाही. साध्या माणसासारखं राहायचं आणि ज्याची कोणाची तक्रार असेल त्याला तोंड द्यायचं. याला आम्ही मुक्काम म्हणतो. कलम वाचलं तेव्हा सगळे हसले. ते दुसऱ्यांसाठी लिहिलंय, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

मुदत संपली त्या दिवशी ते वाड्यातून एक पेटी आणि एक खेचर घेऊन निघाले आणि मेणबत्तीवाल्याच्या माडीवर खोली घेऊन राहिले. नवे राष्ट्राध्यक्ष, जनरल बेर्देखा, दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघतात तर जुने समोरच्या दगडी बाकावर खोगिराचा पट्टा शिवत बसलेले. जनरलसाहेबांना ते फार लागलं म्हणतात. पळून गेलेल्या माणसाला देशद्रोही ठरवता येतं. बाकावर बसलेल्याचं काय करायचं?

म्हणून त्यांनी न्यायाधीश फेर्मिन आरांदियांना सांगितलं, की एक तरी भक्कम तक्रार मिळवा. एखाद्या जिवाची असेल तर उत्तम.

मी रोज सकाळी हाक देत होतो: "लहान असो, मोठा असो, या शहरात राहणारा कोणीही, ज्याला एव्हारिस्तो सांदोवालने छळलं, लुटलं, फसवलं, त्याने कचेरीच्या कमानीखाली यावं." लोक आलेही. एकाला त्यांच्या घोड्याने लाथ मारली होती. एका बाईचं म्हणणं, की शाळेत जाऊन तिची मुलगी वाचायला शिकली आणि आता भांडी घासत नाही. एक म्हातारा आला, त्याला नुसतंच बोलायचं होतं. डॉन एव्हारिस्तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. घोड्याच्या लाथेबद्दल त्यांनी माफी मागितली, भांड्यांबद्दल नाही.

न्यायाधीश रोज निराश होऊन घरी जायचे आणि मी रोज मनातल्या मनात एक दिवस खोडायचो. मला हा माणूस दिवसाढवळ्या, स्वतःच्या खेचरावर बसून, हमरस्त्याने घरी जाताना बघायचा होता. असा राष्ट्राध्यक्ष मी आजवर पाहिला नव्हता.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी तोमासा वहिनी आली.

तोमासा ही माझ्या थोरल्या भावाची, मेल्चोरची बायको. ती मक्याची दारू, चिचा, गाळते, आणि तिच्या हातची चिचा प्यायल्यावर लोक दुसरीकडे दारू प्यायला जात नाहीत. लग्न होऊन आली तेव्हापासून, वीस वर्षं, ती रोज दवंडीआधी माझ्या घशासाठी एक गाडगं कोमट चिचा पाठवायची. मेल्चोर गेला तरी गाडगं थांबलं नाही. एरवी ती कोणाच्या तरी हाती पाठवते. त्या दिवशी स्वतः घेऊन आली.

"भावजी, किती दिवस झाले?"

"छत्तीस."

"म्हणजे चार राहिले."

"हो. का?"

"मी तक्रार देणार आहे. तुमच्या भावाच्या जिवाची."

मी गाडगं खाली ठेवलं. "तीन वर्षांनी?"

"कोणीतरी पुढे होईल म्हणून थांबले होते. पाच जण मारले. चार घरं तोंडात पानं भरून गप्प बसलीत. मग मीच."

"वहिनी, त्यांनी माफी दिली होती."

"मेल्यावर पोचलेली माफी? तिचं काय लोणचं घालू?"

"तुझ्या तक्रारीने तो माणूस भिंतीशी उभा राहील."

"तुमचा भाऊ पण उभा राहिला होता," वहिनी म्हणाली. "चिचा पिऊन घ्या, गार होईल." जाता जाता अंगणात दाणे टिपणाऱ्या ठिपक्यांच्या कोंबडीकडे तिचं लक्ष गेलं. "कापली नाहीत अजून हिला? म्हातारी झाली की शिजायची नाही हो."

"अंडी देते ना," मी म्हणालो. मी नेहमी हेच म्हणायचो.

आता जे कोणाला ठाऊक नव्हतं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी उत्तरेला बंड झालं. सैन्यात जबरदस्तीने भरलेले पाच जण मका काढायच्या दिवसांत घरी पळून आले, त्यात मेल्चोर होता. त्यांना पकडून खालच्या तिंकुयोच्या गढीत ठेवलं. घोड्यावरून पाच तासांचा रस्ता. शिक्षा ठरलेली होती, पण डॉन एव्हारिस्तोंनी शुक्रवारी माफीच्या कागदावर सही केली आणि शनिवारी सकाळी तो कागद माझ्या हातात आला.

मी तो वाचला आणि आनंदाने रडलो. माझाच भाऊ सुटत होता. मग मी तो घडी घालून खिशात ठेवला. इतकी गोड बातमी, माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड, ती शनिवारी चार लामा आणि एक भिकारी यांच्यासमोर कोण ओरडणार? मी रविवारी, भरल्या चौकात दवंडी दिली. असा आवाज मी त्याआधी लावला नव्हता आणि नंतरही लागला नाही. लोक नाचले. अकरा अंडी, अर्धं चीज आणि पाव मिळाले. तोमासा वहिनी गर्दीतून धावत आली, रडत होती, हसत होती, आणि तिने स्वतःच्या खुराड्यातली ठिपक्यांची तलंग माझ्या हातात दिली. "गोड बातमीची, भावजी," म्हणाली.

खूण पडली तसा घोडेस्वार निघाला. तो पोचला तेव्हा गढीमागे पाच ताजे ढीग होते. शनिवारी संध्याकाळच्या घंटेला गोळ्या घातल्या होत्या. गढीचा अंमलदार दुपारभर रस्त्याकडे बघत थांबला होता असं पुढे कळलं, त्याच्याही कानावर माफीची कुणकुण होती. मला शिक्षेचा वार माहीत नव्हता. पण मी विचारलाही नव्हता.

कोंबडी सोमवारी शिजवायची होती. सोमवारी सकाळीच निरोप आला. तिला कापायला माझा हात मग कधीच धजला नाही. तिची अंडी मी दर आठवड्याला वहिनीला पाठवत आलो.

त्या दिवशी दुपारी मी बाकापाशी गेलो. डॉन एव्हारिस्तो तीन बोटांच्या हाताने दोरा धरून पट्टा शिवत होते.

"साहेब, माझी वहिनी येणार आहे."

"मेल्चोर चोकेची बायको ना? मी वाटच बघत होतो." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तो कागद मी पाहिलाय, कासिमिरो. सही शुक्रवारची, तुझी खूण रविवारची."

मी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. दवंडीवाल्याला हे शोभत नाही. "कधी पाहिलात?"

"त्याच आठवड्यात."

"आणि मला काही विचारलं नाहीत?"

"विचारणार होतो. मग आठवलं, की तो कागद बुधवारपासून माझ्याच टेबलावर पडून होता. दाढ ठणकत होती. म्हटलं, ठणका थांबला की वाचू. शुक्रवारी न्हाव्याने दाढ उपटली, मग सही केली. दोन दिवस माझे, एक दिवस तुझा. कोणी कोणाला विचारायचं?"

"हे तुम्ही न्यायाधीशांना सांगणार?"

"दाढेचं सांगेन. तुझं तू बघ."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा निदान 'जाऊ दे' म्हणतील. त्यांनी पुन्हा सुई ओवायला घेतली. तीन बोटांनी त्यांना ते जमत नव्हतं, तरी मला त्यांनी ओवून दे म्हटलं नाही. मला त्यांचा संताप आला. मोठी माणसं अशीच असतात, आपला वाटा उचलतात आणि तुमचा तुमच्या समोर ठेवून जातात.

अडतिसाव्या दिवशी वहिनीने तक्रार दिली. एकोणचाळिसाव्या दिवशी सुनावणी झाली. वहिनी काळी शाल घेऊन कमानीखाली उभी राहिली आणि एकही शब्द जास्तीचा न बोलता तिने सांगितलं: नवऱ्याचं नाव, मका काढायचे दिवस, गढी, पाच ढीग. न्यायाधीशांचा चेहरा सणासुदीसारखा फुलला होता.

"सांदोवाल, काय म्हणणं आहे?"

"बाई बोलल्या ते खरं आहे. शिक्षेवर माझी सही. माफीवरही माझीच. माफी दोन दिवस टेबलावर पडून होती."

"कशामुळे?"

"दाढ दुखत होती."

कमानीखाली कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. संध्याकाळपर्यंत 'एका दाढेपायी पाच माणसं' हे सगळ्या बाजाराच्या तोंडी झालं. न्यायाधीश म्हणाले, की उद्या चाळिसावा दिवस. शेवटची हाक होईल, याच्या बाजूने कोणाला काही सांगायचं असेल तर तेव्हा सांगावं, नाही तर परवा भिंत. जनरलसाहेबांनी त्या दुपारी न्यायाधीशांच्या घरी एक भाजलेलं डुक्कर पाठवलं. ते नेताना मी स्वतः पाहिलं.

सुनावणी चालली होती तेव्हा मी तिथेच, कमानीखाली उभा होतो. मी बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

चाळिसाव्या दिवशी वहिनीने मध घातलेली चिचा पाठवली. निरोप होता, "आज नीट ओरडा, शेवटचा दिवस आहे." मी गाडग्याकडे बराच वेळ बघत बसलो. मग प्यालो. घसा कोरडा पडला होता, आणि काही झालं तरी हाक द्यायची होती.

बाजाराचा दिवस नसूनही चौक भरला होता. आमच्याकडे मुलींच्या शाळेत बोटांवर मोजण्याइतक्या मुली जातात, पण भिंतीची बातमी असली की सगळा गाव हजर. नासारियोने ढोल वाजवला. मी पहिली हाक दिली: याच्या बाजूने कोणाला काही सांगायचं आहे का? कोणी हललं नाही. दुसरी हाक दिली. न्यायाधीश कागद गोळा करू लागले. डॉन एव्हारिस्तो बाकावर बसल्यासारखेच बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. ते माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिसरी हाक दिली. तिसऱ्या हाकेनंतर ढोलाचा एक ठोका पडतो आणि सगळं संपतं. नासारियोने टिपरू उचललं, तसा मी ढोलावर हात ठेवला.

"अरे, काय करतोस?" तो पुटपुटला. "हात काढ."

"थांब जरा," मी म्हणालो, आणि मग चौकाकडे तोंड केलं. "मला सांगायचं आहे."

न्यायाधीशांनी मान वर केली. "तू दवंडीवाला आहेस. साक्षीदार नाहीस."

"दवंडीत तसं कुठे म्हटलंय, साहेब? लहान असो, मोठा असो, या शहरात राहणारा कोणीही. मी चर्चच्या मागच्या गल्लीत राहतो."

लोक हसले, आणि ते हसले म्हणून न्यायाधीशांना मला गप्प करता आलं नाही. मी सगळं सांगितलं. मला हळू बोलता येत नाही. सव्वीस वर्षांची सवय. त्यामुळे माझी लाज चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू गेली: माफी शुक्रवारची, माझ्या हातात शनिवारी सकाळी आली, तेव्हा दवंडी दिली असती तर घोडेस्वार दुपारीच गढीवर पोचला असता, दाढ दुखूनसुद्धा पाचही जण वाचले असते. मी ती रविवारपर्यंत ठेवली. अंड्यांसाठी ठेवली. गर्दीसाठी ठेवली. कागद कचेरीच्या कपाटात आहे, माझी खूण बघा.

कागद आणला. न्यायाधीशांनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला, जणू मागे दुसरी तारीख असेल.

मी वहिनीकडे बघायचं टाळत होतो, पण प्रश्न तिनेच विचारला. जागेवरून, आवाज न चढवता.

"मी कोंबडी दिली तेव्हा कागद आदल्या दिवसापासून तुमच्याकडे होता?"

"हो, वहिनी."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी तक्रार मी मागे घेते." ते न्यायाधीशांना सांगितलं की आणखी कोणाला, कळलं नाही. तिचं तोंड माझ्याकडे होतं.

एवढ्या लोकांसमोर न्यायाधीशांना दुसरं काही करता येईना. जनरलसाहेबांची खिडकी आतून बंद झाली. निर्दोष असल्याचा कागद तिथेच लिहिला गेला, आणि मी तो तिथेच, त्याच घटकेला, चारही कोपऱ्यांवर वाचला आणि खूण केली. कोणी अंडं दिलं नाही, फेकलंही नाही. मेलेल्या बाकीच्या चार जणांच्या घरची माणसं मात्र माझ्या बाजूने गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मला कामावरून काढा असं दोघा-तिघांनी म्हटलं. नगरमंडळाने विचार केला आणि दुसऱ्या कोणाचा आवाज नदीपर्यंत जात नाही म्हणून मला ठेवलं. फक्त नवा नियम केला, की कागद ज्या दिवशी येईल त्याच दिवशी ओरडायचा, मग चौकात कुत्रं असो नाही तर माणूस.

डॉन एव्हारिस्तो दुपारी निघाले. पेटी खेचरावर बांधली होती आणि पट्ट्याची शिवण जरा वाकडीच होती. ते माझ्यापाशी थांबले.

"आज वार कुठला?"

"शनिवार, साहेब."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे रविवारपर्यंत नाही थांबलास." आणि हमरस्त्याने, उन्हात, गावाकडे गेले. तिथे त्यांनी बटाटे लावले, आणि एकदा पाण्याच्या पाटावरून शेजाऱ्याशी भांडून तीन महिने अबोला धरला असंही कानावर आलं. सहा वर्षांनी मी त्यांचं नाव पाचव्यांदा चौकात घेतलं: माजी राष्ट्राध्यक्ष सांदोवाल तापाने वारले, स्वतःच्या घरी, अंथरुणात. असा कागद त्याआधी माझ्या हातात आला नव्हता.

पण ते पुढचं. त्या रविवारी दवंडी नव्हती. सोमवारी होती, दुपारची. सकाळपासून मी दाराशी बसून होतो. गाडगं आलं नाही. मी ते येईल असं धरून चाललो नव्हतो, तरी दर वेळी पावलं वाजली की गल्लीत डोकावत होतो.

अकराच्या सुमारास वहिनी स्वतः आली. हात रिकामे होते. माझ्याशी बोलली नाही. सरळ अंगणात गेली, कोपऱ्यात दाणे टिपणाऱ्या कोंबडीला एका हाताने उचललं, शालीच्या टोकाने तिचे पाय बांधले आणि काखेत धरली. कोंबडी ओरडली नाही. तिला ते हात आठवत असावेत.

"वहिनी," मी म्हणालो.

ती दारात थांबली.

"बातमी गोड नव्हती, भावजी," ती म्हणाली आणि गेली.

मी दार लोटलं. दुपारी दोनला नदीच्या पुलाची दवंडी होती. ती मी साधं पाणी पिऊन दिली.